मॅडमचं वाळवंट

आमच्या मॅडमकडे कुणी पहिल्यांदा गेलं की त्या नाव-गाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "पाणी कुठलं पिता?"

माझ्या मिस्टरांनाही त्यांनी हेच विचारलं. ते लांब दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला, मी पारोळ्याच्या बँकेत. पारोळ्यात मॅडमच्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला आम्ही गेलो, तेव्हा ते आपलं पद, शिफ्ट, मूळ गाव असं सगळं सांगू लागले. मॅडमनी हात वर करून थांबवलं. "ते झालं. पाणी?" मिस्टर गोंधळले. म्हणाले, "तापीचं असावं."

"असावं?" मॅडमचा चेहरा पडला. "रोज पिता आणि माहीत नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माणूस बरा दिसतो. पण शिकवावं लागेल."

मला त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला होता. अभ्यासक्रमात जुन्या व्यापाराचं एक लहानसं प्रकरण होतं आणि त्यात वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांबद्दल जेमतेम पानभर मजकूर. मॅडम त्या पानावर दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकायच्या. राजे, लढाया, तह नंतर धावतपळत उरकायचे. स्वतः त्यांनी वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे त्या नाशिकच्या पुढे गेल्याच नव्हत्या. पण एकदा का फळ्यावर खडूनं विहिरींचे ठिपके काढायला लागल्या, की पंखा बंद असलेल्या त्या वर्गात आम्हाला खरोखर वाळू लागायची दाताखाली.

"हा ठिपका आणि हा ठिपका. मधे एका दिवसाची चाल. उंट जिथं पाणी प्यायला थांबले तिथं मुक्काम पडला. मुक्कामाला बाजार भरला. बाजाराला कुणीतरी भिंत घातली, आणि भिंतीच्या आत गाव वसलं. रस्ता राजानं नाही काढला. पाण्यानं काढला."

भटके म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारे, असं कुणी पेपरात लिहिलं तर त्या गुण कापायच्या. म्हणायच्या, "त्यांच्याइतकं बांधलेलं जगात दुसरं कुणी नाही. ते विहिरीला बांधलेले असतात, फक्त दोर लांब असतो."

आणि पखालीचं गणित तर आमच्या बॅचमधला कुणी आजही विसरला नसेल. उंटाच्या पाठीवर पाण्याच्या पखाली जास्त चढवल्या तर माल कमी बसतो. माल जास्त चढवला तर माणसं वाटेत मरतात. म्हणून लांबच्या वाटेवर धान्य न्यायचं नाही, धूप न्यायचा, ओझं हलकं आणि किंमत भारी. "म्हणजे बाजारात काय विकलं जाणार हे कुणी ठरवलं?" असं विचारून त्या थांबायच्या. मग स्वतःच हळूच म्हणायच्या, "तहानेनं." तो शब्द त्या अशा काही म्हणायच्या की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा आवंढा गिळायची.

एकदा ऐन मार्चात त्यांनी कॉलेजच्या वॉटर कूलरला कुलूप लावलं आणि चावी आमच्या वर्गातल्या संजयला दिली. संजय म्हणजे वर्गात कधी तोंड न उघडणारा, नापास होत होत आलेला मुलगा. त्याला एवढंच सांगितलं, "आजच्या दिवस हे पाणी तुझं. काय करायचं ते कर." दुपारपर्यंत संजयच्या पुढ्यात दोन वडापाव, एक पेन आणि कुणाचीतरी असाइनमेंट पूर्ण करून देण्याचं वचन जमा झालं होतं. वर्गातली दोन दांडगी पोरं त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला उभी होती, आणि मुलींना आधी पाणी द्यायचं की नाही यावरून वाद पेटला होता. प्राचार्यांनी मॅडमना ऑफिसात बोलावून भरपूर सुनावलं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या खुशीत. म्हणाल्या, "बघितलंत? एका दुपारीत राजा झाला, शिपाई आले, जकात आली."

संजय मात्र तो दिवस वेगळ्या अर्थानं शिकला. आज पारोळ्यात त्याचे पाण्याचे टँकर आहेत. भेटला की मॅडमच्या पाया पडतो आणि म्हणतो, "मॅडम, तुम्हीच मला लाइनला लावलं." मॅडमना ते ऐकवत नाही.

त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागल्यावर मला त्यांच्या घरच्या सवयी कळल्या. रोज सकाळी त्या गच्चीवर येऊन टाकीवर बोटांच्या मागच्या बाजूनं ठकठक करायच्या, कान लावायच्या, आणि काहीच न बोलता खाली जायच्या. मी मागे टाकीकडे बघत राहायची. आवाज कसा आला असेल? बोलल्या का नाहीत? माझी चिऊ तेव्हा वर्षाची होती, मिस्टर फक्त शनिवारी येणार. नळाला पाणी कधी येईल याचा उन्हाळ्यात नेम नसे, आणि कॉलनीतल्या बाकीच्या बोअर एकेक करून आटलेल्या. राहिली होती फक्त मॅडमची बोअर. अख्खी कॉलनी सकाळी तिथूनच भरायची. सगळ्यांचं सगळं त्या एका पाइपावर टांगलेलं.

पाहुण्यानं पेल्यात अर्धं पाणी ठेवलं तर मॅडम तो पेला समोर धरून बसायच्या. "प्या," म्हणायच्या. "मी थांबते." माझे सासरे एकदा आले होते. त्यांना पोट फुगेस्तोवर पाणी प्यावं लागलं.

आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, त्यांनी जनावरांना पाणी प्यायला सिमेंटची हाळ बांधून घेतली होती. तिच्यावरच्या नळाला तोटी होती पण कुलूप नव्हतं. मी एकदा म्हटलं, "मॅडम, दिवस असे आहेत, कुलूप लावून घेऊ या का?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी आई गावात पाण्याला जायची तेव्हा विहिरीवर नाही जायची. विहिरीपासून लांब उभी राहायची. वरून कुणी ओतेल तेव्हा घागर भरायची. कधी कधी कुणी ओतायचंच नाही. मी तिच्या पदराला धरून उभी असायची." मग खडा वेचून बाजूला टाकत म्हणाल्या, "त्यावर आता भाषण नको. कुलूप नको एवढंच."

त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची एक पितळी मूर्ती होती. तिच्यापुढे त्या फुलं ठेवत नसत, भरलेला तांब्या ठेवत.

त्या उन्हाळ्याआधीचा पाऊस दगा देऊन गेला होता. मे महिन्यात एका सकाळी रस्त्यावर घंटांचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं तर काठेवाडी आले होते, दरवर्षी गाई घेऊन खानदेशात उतरणारे ते गुराखी. पन्नासेक गाई, वासरं, तीन उंट, उंटांच्या पाठीवर उलट्या बांधलेल्या खाटा आणि खाटांवर बसलेली लेकरं. दरवर्षी ते बोरी नदीच्या पात्रात उतरत, पण पात्रात या वर्षी नुसती रेती. त्यांची म्होरकी एक उंच, सुकलेल्या अंगाची बाई होती, जमनाबेन. तिनं हाळ पाहिली, फाटकाशी आली आणि म्हणाली, "बेन, जनावर प्यासे छे."

मॅडम धावतच बाहेर गेल्या. चष्मा घरातच विसरून. त्यांनी स्वतः मोटार चालू केली आणि गाई पाणी पीत असताना त्या हाळीपाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात छातीशी धरून. मी त्यांना एवढं आनंदलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कॉलनीसमोरच्या पडीक जागेत तांडा उतरला. आणि मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी जमनाबेनच्या सुना दूध घेऊन कॉलनीत फिरल्या. दूध चांगलं म्हणून बायका पातेली घेऊन तिथंच जाऊ लागल्या. मग शेतकरी आले, गाई आपल्या शेतात बसवा, शेणखत पडेल, बदल्यात चारा देतो म्हणून. शेतकरी आले तसा चहाची गाडी लावणारा आला. चहावाला आला तसा पंक्चरवाला त्याच्या शेजारी येऊन बसला. भाजीवालीनं आपली पाटी मॅडमच्या कुंपणालाच टेकवली. आठवडा झाला नसेल, फाटकासमोर सकाळचा बाजार भरायला लागला.

मॅडम व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या. मी बँकेत निघाले की हाक मारायच्या. "अगं बघ, गाव वसतंय. माझ्या हाळीपाशी गाव वसतंय!"

"मॅडम, मोटार किती वेळ चालतेय बघितलंत का?"

"बघते आहे."

"चिऊ लहान आहे हो."

त्यांचा चेहरा क्षणभर बदलला. "मला माहीत आहे ती लहान आहे," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात मला कशातच लक्ष लागत नव्हतं. बँकेच्या काउंटरवर बसूनही मी घरातली भांडी मनात मोजायची, कोणती भरलेली, कोणती अर्धी. कॉलनीत कुजबुज वाढली होती. पलीकडच्या घरातले नाना, रिटायर्ड कंडक्टर, सगळ्यात आधी तोंडावर बोलले. कमरेवर हात ठेवून फाटकाशी उभे राहिले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "अक्का, बठ्ठं पाणी त्यासले पाजी दिधं, आते आम्हले काय?"

मॅडम म्हणाल्या, "नाना, तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा वाळवंटातला कायदा आहे."

"आठे वाळवंट कोठे शे?" नाना म्हणाले. "हाई पारोळं शे."

संजयही येऊन गेला. त्याचं म्हणणं वेगळं होतं. बोअर त्याच्या टँकरला जोडून द्यावी, तो कॉलनीला रोज पाणी सोडेल, मॅडमना कुणाचं बोलणं ऐकावं लागणार नाही. मॅडमनी त्याला पाणी प्यायला दिलं, पेला रिकामा होईपर्यंत समोर बसल्या, आणि नाही म्हणाल्या.

मग एका सकाळी मोटार खोकली.

मी स्वयंपाकघरात होते. आधी घरघर, मग फट् फट् असा हवेचा आवाज, मग थोडं पाणी, मग पुन्हा हवा. मी खाली धावले. मॅडम मोटारीच्या बटनाशी उभ्या होत्या. नळाखालच्या बादलीत पाणी पडलं होतं ते तांबूस, तळाशी गाळ बसलेलं. त्यांनी बटन बंद केलं. फाटकाबाहेर हाळीशी गाई येऊन थांबल्या होत्या, आणि फाटकाच्या आत कॉलनीतल्या बायका हंडे घेऊन.

"वर्गात मी हे किती सहज सांगायची," मॅडम म्हणाल्या. "आधी माणसाचा घसा, मग जनावराचा, मग पिकाचा. पोरं लिहून घ्यायची. आणि मी पुढचा मुद्दा घ्यायची."

त्या बाहेर गेल्या. हाळीच्या नळावर हात ठेवून त्यांनी जमनाबेनला सांगितलं की पाणी संपत आलंय, उरलेलं पिण्यापुरतं माणसांना लागेल, तुमच्या माणसांनाही देईन, पण गाईंना आता नाही देता येणार. सांगताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

जमनाबेननं हात जोडले. "बेन, दो दिन और. गाय नई-नई ब्याई छे, चल नहीं पाएगी."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही देता येणार."

ते बोलून त्या आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता मी वर उभी आहे. विहिरीवर. आणि ओतत नाही."

चिऊ माझ्या कडेवर होती आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटत होतं.

एकदम त्या उठल्या. "तापीला तर पाणी आहे ना?"

"आहे. पण तापी किती लांब, मॅडम. अमळनेरच्याही पलीकडे. या उन्हात गाई पोचणार नाहीत."

"एका दमात नाही पोचणार." त्यांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला. "तुझ्या बॅचचा तो, अमळनेर रस्त्यावर मळा असलेला, काय त्याचं नाव? त्याला लाव फोन."

ती दुपार मी विसरणार नाही. मॅडमनी आयुष्यभर शिकवलेली पोरं पारोळ्यापासून तापीपर्यंत खेडोपाडी पसरलेली होती. कुणी शेतकरी, कुणी ग्रामसेवक, कुणी दूध डेअरीत, कुणी सासरी गेलेली. आम्ही एकेकाला फोन करत गेलो. मॅडम नमस्कार-चमत्कार काही करत नव्हत्या. थेट विचारायच्या, "तुझ्या विहिरीला पाणी आहे का? पन्नास गाईंना एकदा पाजता येईल का? एकदाच." कुणी हो म्हणालं. कुणी म्हणालं, मॅडम, आमचंच भागत नाही. एकानं ओळखच दिली नाही. एका पोरीनं सांगितलं, सासऱ्यांना विचारून सांगते, आणि पाच मिनिटांत तिचा सासराच फोनवर आला, "पाठवा, बाई. पण सकाळच्या पारी पाठवा."

संध्याकाळपर्यंत तापीपर्यंतची वाट जुळली. एक तुकडा मात्र राहिला. अमळनेरच्या पुढे, नदीच्या अलीकडे, एक लांब उजाड टप्पा होता आणि तिथं कुणाच्याच विहिरीत पाणी नव्हतं. मॅडमनी फोनमधली नावं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग म्हणाल्या, "संजयला लाव."

त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून संजयनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, या दिवसांत माझा एक टँकर मोकळा नसतो. लोक फोनवर फोन करतात."

"मला माहीत आहे."

"बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

बघतो म्हणजे काय, हो की नाही, ते आम्हाला कळलं नाही. मॅडमनी पुन्हा लावला तर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांडा निघाला. ज्यांच्या मळ्यात थांबायचं त्यांची नावं मॅडमनी जमनाबेनच्या थोरल्या मुलाकडून तोंडपाठ करून घेतली, वर्गात घ्यायच्या तशी, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. व्यालेली गाय सगळ्यात मागे होती. मॅडम तिच्याबरोबर पेट्रोल पंपापर्यंत चालत गेल्या आणि तिथून एकट्या परत आल्या.

पहिल्या मुक्कामाहून फोन आला, गाई पाणी प्यायल्या. दुसऱ्या मुक्कामाहूनही आला. त्यानंतर जमनाबेनच्या मुलाचा फोन बंद. संजयचा लागत नव्हता. ज्या दिवशी तांडा त्या उजाड टप्प्यात असणार होता त्या दिवशी उन्हानं डांबर मऊ झालं होतं. सकाळी बोअरमधून नुसती हवा आली, आणि मॅडमना घरात बसवेना. त्या कॉलनीतल्या प्रत्येक घरी गेल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "बोअर आटली. तुमचं पाणी मी संपवलं. उद्यापासून माझ्याकडे पाणी नाही." ना सफाई दिली, ना माफी मागितली. मग घरी येऊन व्हरांड्याचं दार सताड उघडलं आणि खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "ज्याला बोलायचं असेल त्याला आत यायला नको का?"

लोक आले. बोलायचं होतंच त्यांना. समोरच्या वहिनींनी आपल्या घरातल्या आजारी सासूचं गाऱ्हाणं सांगितलं आणि आवाज चढवला. शाळेतले मास्तर आले, हिशोब विचारल्यासारखं विचारून गेले. मॅडम सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. मान खाली नव्हती, वरही नव्हती. मी दारात उभी होते आणि मला मधे पडता येत नव्हतं, कारण बोलणारे चुकीचं काही बोलत नव्हते.

मग वहिनी जायला उठल्या आणि दारात थांबल्या. म्हणाल्या, "त्या गाईचं काय झालं हो? ती व्यालेली?"

"कळलं नाही अजून," मॅडम म्हणाल्या.

वहिनी परत येऊन पायरीवर बसल्या. मास्तर गेले होते ते पुन्हा आले, म्हणाले, अमळनेरला माझा मेव्हणा आहे, त्याला विचारतो. त्यालाही काही माहीत नव्हतं. एकेक माणूस येई, भांडे, आणि मग विचारी, काही कळलं का? आणि कळलं नाही म्हटल्यावर जात नसे. नाना सगळ्यात शेवटी आले. सगळ्यात जास्त तेच बोलले. बोलून बोलून दमले आणि व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. रस्त्यावर चहाची गाडी नव्हती, भाजीवाली नव्हती, रिकामी हाळ उन्हात तापत होती.

ऊन कलल्यावर फोन वाजला. अनोळखी नंबर. मॅडमनी फोन माझ्या हातात दिला आणि मी तो स्पीकरवर टाकला. जमनाबेन होती, कुणा कोळ्याच्या फोनवरून. तिच्यामागे नदीत शिरलेल्या गाईंचा गलबला ऐकू येत होता. ती मोठ्यानं ओरडून सांगत होती. दुपारी जनावरं बसली होती, उठेनात. मग टँकर आला. चालवणारा भाई कोण ते माहीत नाही, नाव सांगितलं नाही. एक म्हातारी गाय वाटेत गेली. बाकी तापीवर आहेत. व्यालेली गाय पण आहे, वासरू उंटावर बांधून आणलं.

फोन कट झाला. मॅडमनी पदर तोंडाला लावला. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

नाना कठड्यापासून सरळ झाले. "बठ्ठा पोचनात ना?" त्यांनी मला विचारलं, आपण नीट ऐकलं की नाही याची खात्री करून घेतल्यासारखं.

"एक सोडून, नाना."

"बरं झायं." त्यांनी टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली, आणि पायरीशी रिकामे हंडे घेऊन थांबलेल्या बायकांकडे पाहिलं. मग मॅडमच्या समोर पायरीवर बसत म्हणाले, "चला अक्का. आते आपलं देखूत."